दीड फेऱ्याचे गणित

खानदेशातल्या जुन्या मिस्तऱ्यांचा एक दंडक आहे. मोटारसायकलचा कार्बोरेटर वर्षातून दोनदा जुळवून घ्यायचा, एकदा दिवाळी उलटल्यावर आणि एकदा होळी झाल्यावर. कारण विचारले तर मिस्तरी एवढेच म्हणतो, ‘हवा बदलली.’ शिकलेली गिऱ्हाइके यावर हसतात. हवा बदलली की माणसाला सर्दी-पडसे होते हे समजू शकते. लोखंडाच्या गाडीला हवेचे काय?

पण कागद-पेन्सिल घेऊन बसले तर मिस्तऱ्याचे म्हणणे खरे निघते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीतल्या काही पहाटे तो १० अंशांच्याही खाली उतरतो. तापलेली हवा विरळ होते. या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेत सुमारे अकरा टक्क्यांचा फरक पडतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर चढून गेले तर हवा जवळपास तेवढीच विरळ होते. म्हणजे जानेवारीच्या पहाटे जुळवलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी जळगावात उभी असते, तेव्हा इंजिनाच्या लेखी ती सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळला पोहोचलेली असते. तोरणमाळचा गारवा मात्र तिच्या नशिबी नसतो.

मिस्तऱ्याने हे गणित कधी मांडलेले नाही. त्याच्या हातात असतो एक पेचकस आणि समोर मुठीत मावेल एवढ्या कार्बोरेटरच्या कुशीतला एक पितळी स्क्रू. तो स्क्रू तो अलगद आत बसेपर्यंत फिरवतो, मग दीड फेरा बाहेर घेतो, आणि तिथून पुढे कान देऊन ऐकू लागतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता हवेचे तापमान आणि दाब गाडीतलाच छोटा संगणक मोजतो आणि पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. तो स्क्रू गेला. तो फिरवणारी माणसे मात्र अजून आहेत, आणि त्यांनी हात लावावा अशा गाड्याही रस्त्यावर आणि घरोघरच्या जिन्याखाली आहेत. आज थोडे त्यांच्याविषयी.

परदेशची गाडी, धुळ्याची हवा

आपल्याकडे ‘फटफटी’ म्हणून जी घराघरात शिरली ती मुळात परदेशी. राजदूतचा आराखडा पोलंडमधल्या एसएचएल या मोटारसायकलचा. जावा चेकोस्लोव्हाकियातली, ती १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली आणि १९७३ पासून येझ्दी झाली. बुलेट इंग्लंडची, १९५५ पासून मद्रासची. १९८४-८५ नंतर जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि ‘लिटरला किती देते’ हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतही विचारला जाऊ लागला. ‘बॉबी’ चित्रपट आला १९७३ साली. त्यातल्या बुटक्या राजदूतला लोक आजही ‘बॉबी’च म्हणतात. थोरली राजदूत मात्र सिनेमात न जाता गवळीवाड्यात गेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगून पहाटेच्या अंधारात गावाकडून शहराकडे येणारी राजदूत ज्याने पाहिली नाही, तो खानदेशात वाढलाच नाही म्हणायचा.

आता विचार करा. पोलंडच्या थंडीत बसून ज्या माणसाने हे यंत्र आखले, त्याला धुळ्याचा वैशाख ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गाडीवर ऐंशी किलो दूध लादले जाईल, टाकीत भेसळीचे पेट्रोल पडेल, काळ्या मातीचा फुफाटा फिल्टरवर बसेल, हेही त्याच्या स्वप्नात आले नसेल. मग त्याने काय केले? मुख्य मापे स्वतः ठरवली आणि थोडी जागा मोकळी सोडली. कार्बोरेटरमध्ये एक हवेचा स्क्रू, सुईवर चार-पाच खाचा, मागच्या शॉकअपला कडक-नरम करण्याच्या काही पायऱ्या. जिथे गाडी चालेल तिथल्या माणसाने तिथले ऋतू आणि तिथला रस्ता पाहून ठरवावे, असा त्याचा हिशेब होता. न पाहिलेल्या माणसावर टाकलेला तो विश्वास होता. धुळ्या-जळगावच्या मिस्तऱ्यांनी पन्नास वर्षे तो निभावला.

धुळ्याला हे कसब रुजले यात नवल नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. जिथे रस्ते भेटतात तिथे गाड्या थांबतात, आणि गाड्या थांबतात तिथे दुरुस्ती करणारे हात तयार होतात.

पोट बिघडलेली गाडी

पेट्रोल एकटे जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल नीट जळायचे तर नऊ हजार लिटरच्या आसपास हवा हवी. हे मिश्रण कार्बोरेटर करतो, तेही वीज नाही, मोटार नाही, अशा अवस्थेत. त्याचा घसा मध्ये अरुंद असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक तुषार होऊन वर ओढले जाते. वेग आणि दाबाचा हा संबंध डॅनियल बर्नुली याने १७३८ साली ग्रंथात मांडला. आपल्या घरात तो डासांवर औषध मारायच्या जुन्या हातपंपात होता. नळकांडे दाबले की डब्यातले औषध धुके होऊन बाहेर यायचे, ते याच न्यायाने.

पेट्रोलला यायला तीन वाटा असतात. गाडी जागेवर फुरफुरत असते तेव्हा स्लो जेट काम करतो. मूठ निम्मी पिळली की सुईचा अंमल सुरू होतो. पूर्ण पिळली की मेन जेट. हे जेट म्हणजे पितळेचे छोटे तुकडे, मधोमध केसासारखे भोक. जळगावच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही, कारण ठिबक सिंचनाची नळी त्याने हाताळलेली असते. ठिबकच्या तोटीतून ताशी किती पाणी पडायचे ते भोक ठरवते. तिथे क्षार बसले की शेवटच्या केळीला पाणी पोहोचत नाही. म्हणून कुणी तोटीत दाभण घालत नाही, कारण भोक मोठे झाले की सगळे गणितच गेले. जेटचेही तसेच. घाईतला मेकॅनिक त्यात तार घालतो. तार पितळ खरवडते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जाणता मिस्तरी जेट पेट्रोलमध्ये भिजत टाकतो, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतो आणि उजेडाकडे धरून भोकातून पाहतो. पलीकडचा उजेड गोल दिसला की काम झाले.

मिश्रण बिघडले की दोनच गोष्टी संभवतात, पेट्रोल जास्त किंवा पेट्रोल कमी. धुळ्याचा एक मिस्तरी पहिल्या दुखण्याला म्हणायचा, ‘गाडीले अजीर्ण व्हयेल शे.’ दुसऱ्याला म्हणायचा, ‘बिचारीले उपास घडी ऱ्हायना.’ रोगनिदान तो प्लग काढून करायचा. प्लगचे टोक काजळीने काळे असेल तर अजीर्ण, पांढरे फटक असेल तर उपास, आणि बिस्किटासारखे तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. वैद्याने जीभ बघावी तसा तो प्लग बघायचा.

त्याची आणखी एक शिस्त होती. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. आधी फिल्टर झटकायचा. मग प्लग, मग पॉइंटमधली फट. जुन्या गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातून चोरटी हवा शिरते का ते पाहायचे. दुखणे या चारांपैकी कुठेतरी असते आणि दहापैकी सातजण स्क्रूच पिळत बसतात, असे त्याचे म्हणणे. फ्लोट तो कानाशी धरून हलवायचा. पितळी फ्लोटला बारीक चीर गेली की आत पेट्रोल शिरते, तो जड होतो, पेट्रोलची वाट बंद करू शकत नाही आणि गाडी ‘ओव्हर’ होते. शंका असली तर फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. जिथून बुडबुडा आला तिथे चीर.

हे सगळे झाल्यावर इंजिन गरम करून दीड फेऱ्याचा स्क्रू. एका वेळी पाव फेरा, मग थांबायचे, ऐकायचे. एका जागी इंजिनाचा आवाज चढतो आणि एकसारखा होतो. त्यापुढे गेले की अडखळतो. तंबोऱ्याची तार लावताना गवई खुंटी पिळतो, थांबतो, पुन्हा किंचित मागे घेतो, तसाच हा प्रकार. उन्हाळ्यात हवा विरळ म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त होते. ते कमी करायला हवे. पण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीचे पेट्रोल तोडले की ऑइलही तुटते, आणि ४५ अंशांत पिस्टन चिकटायला तेवढे पुरते. म्हणून मिस्तरी स्क्रू आवाज सांगतो त्याच्या किंचित अलीकडे सोडतो. ते ‘किंचित’ किती, हे मापात सांगता येत नाही.

स्प्रिंग आणि तेल

कार्बोरेटर गाडीचे पोट, तर शॉकअप तिचे गुडघे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, ‘मिस्तरी, गाडी फार उडते, शॉकअप कडक करा.’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते. तेल उसळी शांत करते. स्प्रिंगला खड्ड्याने जे दिले ते सगळे ती परत करते, म्हणून एकटी स्प्रिंग गाडीला पाळण्यासारखी झुलवत ठेवील. बारीक भोकांतून जाणारे तेल ती उसळी जिरवते आणि तिची उष्णता करून टाकते. खराब रस्त्यावरून आल्यावर मागचा शॉकअप हाताला कोमट लागतो तो यामुळेच. तेलाने दणके जिरवणारे दुर्बिणीसारखे पुढचे फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली बाजारातल्या गाडीला बसवले; आज तसे फोर्क जवळपास प्रत्येक मोटारसायकलला असतात.

परीक्षा घरच्या घरी करता येते. गाडी उभी करून सीट दोन्ही हातांनी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा डुलली तर तेल संपले किंवा पातळ झाले. अशा वेळी स्प्रिंग कडक केली तर गाडी जास्तच उडेल आणि पाठीचे मणके बोलू लागतील.

खानदेशात तेल लवकर हरते. एक तर उष्णतेने ते पातळ होते. दुसरे म्हणजे फुफाटा. फोर्कच्या चकचकीत नळीवर धूळ बसते, नळीला गंज धरतो आणि तो गंज ऑइल सील कापतो. सील कापली गेली की नळीवर तेलाचा ओघळ दिसतो. मिस्तरी नळी घासून, सील बदलून तेल भरतो, उन्हाळ्याच्या तोंडावर थोडे जाड, आणि दोन्ही नळ्यांत मापाने अगदी सारखे. एका बाजूला कमी पडले तर वळणावर गाडी अंगचोरपणा करते.

वजनासाठी मात्र स्प्रिंगच्या पायऱ्या आहेत. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच ऐंशी किलोंहून जास्त. तेव्हा मागचा शॉकअप शेवटच्या पायरीवर हवा. कॅन उतरवून रिकाम्या गाडीने घरी जायचे तर तो पुन्हा खाली हवा. एकट्याने कामावर जाणे वेगळे आणि मागे बायको, पुढे टाकीवर पोर घेऊन एरंडोलजवळच्या पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला जाणे वेगळे. सर्वसाधारण आडाखा असा की स्वाराच्या वजनाने गाडी आपल्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी खाली बसावी. फार कमी बसली तर खड्ड्यात चाक हवेत राहते, फार बसली तर खड्डा थेट हाडांपर्यंत पोहोचतो. मोजपट्टी लावून पाच मिनिटांत हे कळते. तरी मी कितीतरी घरे अशी पाहिली, जिथे वीस वर्षे गाडी वापरली गेली आणि ती पायरी एकदाही हलवली गेली नाही.

तारण काय देणार?

माझी नोकरी बँकेतली. ग्रामीण शाखांत असताना शेतकरी, गवळी आणि गॅरेजवाले ही आमची नेहमीची मंडळी. २ ऑक्टोबर १९९३ रोजी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली आणि सुशिक्षित बेरोजगारांचे अर्ज येऊ लागले. त्यात गॅरेजचे अर्ज हमखास असत. एक कॉम्प्रेसर, पान्यांचा एक संच, एक व्हाइस, पत्र्याची शेड. यंत्रसामग्रीचे कोटेशन जोडायचे, जे विकत घेतले ते बँकेकडे तारण. कॉम्प्रेसर तारण ठेवता येत होता, कारण कर्ज थकले तर तो उचलून आणता आला असता. त्या मुलाच्या कानात जे होते त्याला अर्जात रकाना नव्हता. आणि धंदा चालणार होता तो त्याच भांडवलावर. कॉम्प्रेसर तर समोरच्या गॅरेजातही होता.

बँकेतही तेव्हा एक स्क्रू होता. मुख्य कार्यालयाची परिपत्रके येत, पिकानुसार कर्जाचे दर ठरलेले असत आणि शेवटी एक वाक्य असे की स्थानिक परिस्थिती पाहून शाखाधिकाऱ्याने निर्णय घ्यावा. यावलच्या केळीचा आणि पारोळ्याच्या कोरडवाहू कपाशीचा शेतकरी एका मापाने मोजता येत नाही, हे त्या वाक्याला ठाऊक होते. पुढे संगणक आले. काम चोख झाले, वशिला कमी झाला, चुका कमी झाल्या. मोकळी सोडलेली जागाही कमी झाली. यात मी कुणाला दोष देत नाही. त्या मोकळ्या जागेचा गैरफायदा घेणारेही होते, जसे जेटमध्ये तार घालणारे होते.

इंजेक्शनच्या गाडीबद्दलही तेच म्हणावे लागेल. ती थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होते, धूर सोडत नाही, घाट चढताना हवा विरळ झाली तर स्वतःच सावरून घेते. जुन्या टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात ज्या पोलिसाने चौकात आयुष्य काढले, त्याच्या छातीला विचारले तर तो जुन्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. प्रगती व्हायलाच हवी होती.

इंधनच बदलले

पण एवढ्यावर विषय संपत नाही. गेल्या काही वर्षांत एक अशी गोष्ट घडली आहे, जिने त्या जुन्या स्क्रूला पुन्हा काम दिले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ साली ते देशभर २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण उपाशी राहते. इंजेक्शनची अलीकडची गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटरच्या गाडीला ते कोणीतरी सांगावे लागते. सुई एक खाच वर घ्यावी लागते, कधी जेट एका आकड्याने मोठा बसवावा लागतो. शिवाय इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या धाटणीचे रबर फुगवते. गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीत पांढरी पूड धरते आणि ठिबकच्या तोटीसारखा जेट तुंबतो.

म्हणजे पन्नास वर्षांत हवा ऋतूंप्रमाणे बदलत होती. आता इंधनच बदलले, आणि प्रत्येक जुनी गाडी नव्याने जुळवायची वेळ आली. नेमक्या याच वेळी जुळवणारे हात थकत चालले आहेत. येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. ज्यांनी त्या गाड्यांवर हात बसवला ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलांपैकी काही शोरूममध्ये लागले, तिथे गाडीला यंत्राची वायर जोडली की दोष पडद्यावर उमटतो. बरीच मुले या धंद्यातच आली नाहीत. हाताचा काळेपणा पोरीकडच्यांना आवडत नाही, असे एका मिस्तऱ्याने सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

तुमच्या जिन्याखाली वडिलांची किंवा सासऱ्यांची गाडी उभी असेल. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि त्या कटकटीला कंटाळून ‘भंगारात देऊन टाका’ असे घरात कुणीतरी म्हणतेच. द्यायची तर जरूर द्या. ठेवायची असेल तर मात्र नुसती पुसून ठेवू नका. महिनाभर बाहेर काढणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी कोरडी होईल. पीयूसीची चिठ्ठी फेकून न देता वाचा. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या गाड्यांना भारत स्टेज-४ येईपर्यंत ३.५ टक्के. तुमच्या गाडीचा आकडा मर्यादेला टेकला असेल तर तिला अजीर्ण झाले आहे, आणि तुमचे पैसे सायलेन्सरमधून जात आहेत.

आणि गावातला जुना मिस्तरी अजून दुकान उघडत असेल, तर दिवाळी उलटल्यावर गाडी त्याच्याकडे न्या. जाताना घरातल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या. स्क्रू आत बसवून दीड फेरा बाहेर घेणे कुणालाही येते, ते एका मिनिटात शिकून होईल. पुढचा पाव फेरा मिस्तऱ्याला त्या पोराच्या हाताने फिरवू द्या, आणि आवाज बदलला का, एवढेच त्याला विचारू द्या. बहुतेक मिस्तरी नाही म्हणणार नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलेलेच नसते.